पन्नास टर्नचं आभाळ

आमच्याकडं शेतीच्या लाइटीचं पाळीपत्रक असतं. काही दिवस दिवसपाळी, काही दिवस रात्रपाळी, तीही आठ तासांची. रात्रपाळी असली की माणसं बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला जातात. माझं आटपाडीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळं कुठल्या फीडरला कधी लाइट हे मला पाठच असतं. पण गेली तीन वर्षं मी ते पत्रक दुसऱ्या कारणासाठी बघतो. लाइट कधी येणार यापेक्षा कधी जाणार, ते मला हवं असतं.

लाइट गेली की माझ्या कॉइलमध्ये आभाळाचा आवाज येतो. दुकानात येणारी माणसं त्या कॉइलच्या चौकटीकडं बघून विचारतात, मी सांगतो, ती ऐकून घेतात आणि मोटरचं बिल विचारतात. त्यांना उभ्या उभ्या सगळं सांगता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

२०२२ च्या दिवाळीला लेक कोल्हापूरहून आली होती. ती तेव्हा एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला होती. फराळ झाला आणि ती दुकानात येऊन बसली. म्हणाली, "आप्पा, मला एक कॉइल गुंडाळून द्या."

"किती एचपीची?"

"मोटरची नाही. नुसती कॉइल. एक मीटर बाय एक मीटर, पन्नास टर्न."

तीस वर्षांत किती स्टेटर भरले त्याचा हिशेब नाही. पण प्रत्येक कॉइल लोखंडात बसवलेली. खाचेत कागद घालायचा, कॉइल दाबून बसवायची, पाचर मारायची, वार्निश पाजायचं. लोखंड नसलेली, हवेत मोकळी टांगायची कॉइल मी पहिल्यांदाच करत होतो. सागवानी पट्ट्यांची चौकट केली, कडेला खाचा पाडल्या आणि २४ गेजची एनॅमल वायर हातानं गुंडाळली. दोनशे मीटर वायर गेली, वजन अर्ध्या किलोच्या आत. मीटरवर चौदा ओहम दाखवले. सवयीनं मी वार्निशही मारलं, म्हणजे दवात टिकेल. लेकीनं एका छोट्या बोर्डावर आयसी बसवून ॲम्प्लिफायर केला, नऊ व्होल्टचा सेल लावला आणि इअरफोन माझ्या कानात घातला.

मी म्हणालो, "हे तर मला माहीत आहे."

गुंऽऽ असा जाड आवाज. मोटर फिरत नाही, जागेवर गुरगुरते, तेव्हा मी शेतकऱ्याला फोनवरच सांगतो की एक फेज गेलाय, स्टार्टर बंद करा, नाहीतर जळेल. तोच हा आवाज होता, फक्त मोटर कुठंच नव्हती. दुकानातल्या, रस्त्यावरच्या, पलीकडच्या गल्लीतल्या प्रत्येक तारेतली लाइट त्या चौकटीत उतरली होती. आणि एक फरक मला लगेच कळला. डीपीखाली, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखाली, उभं राहिल्यावर कानाला ऐकू येते ती गुणगुण १०० हर्ट्झची असते, कारण आतला पत्रा दर चक्रात दोनदा ताणला जातो. कॉइलमध्ये येत होती ती खरी ५० ची, आणि तिच्यावर १५०, २५०, ३५० अशा विषम पटी चढलेल्या. लेकीनं लॅपटॉपवर चित्र दाखवलं. पडदाभर आडव्या रेघा, समान अंतरावर, आखीव वहीसारख्या.

"ह्याच्याखाली जे दबलंय ते ऐकायचंय आपल्याला," ती म्हणाली.

ह्या गोष्टीतलं नवल आधी सांगतो, कारण ते मला अजूनही नवल वाटतं. ३ ते ३० किलोहर्ट्झ ह्या पट्ट्यातल्या रेडिओलहरींना व्हीएलएफ म्हणतात, मराठी पुस्तकात अतिनिम्न वारंवारता. आपला कान साधारण २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणजे ह्या रेडिओलहरी ज्या गतीनं थरथरतात, त्यातल्या बऱ्याचशा आपल्या कानाच्याच टप्प्यातल्या आहेत. त्या आवाज नाहीत, विजेच्या आणि चुंबकाच्या लहरी आहेत, पण कॉइलमध्ये आल्या की तेवढ्याच गतीचा करंट तयार करतात आणि तो इअरफोनला दिला की झाला आवाज. मधे स्टेशन लावायचं बटण नाही, ट्यूनिंग नाही, भाषांतर नाही. तांब्याची तार आणि कान.

दुकानात काहीच जमणार नव्हतं. पुढच्या दोन महिन्यांत मी एकट्यानंच ती चौकट मोटरसायकलला बांधून जागा धुंडाळल्या. एवढी वर्षं गावोगाव फिरलो, पण तालुक्याचा हा नकाशा मला माहीतच नव्हता. कुठं तार आहे हे डोळ्याला दिसतं, पण तारेचा पसारा किती लांब पोचतो ते चौकट हातात घेतल्यावर कळलं. मेन लाइनपासून अर्धा किलोमीटर गेलो तरी गुंऽऽ पाठ सोडत नाही. दिवसा सौर पंप चालू असले तर त्यांच्या कंट्रोलरची फसफस येते, कढईत ओली मिरची टाकल्यासारखी. एलईडी दिव्यांची वेगळी, चार्जरची वेगळी. आणि एका रात्री शेंडगेवाडीच्या बाजूला, जवळपास खांब नसताना, अगदी नियमानं टक… टक… टक… असं सेकंदाला एक यायला लागलं. मी चौकट फिरवत फिरवत आवाजाच्या मागं गेलो. डाळिंबाच्या बागेला कुणीतरी रानडुकरांसाठी झटका मशीन लावलं होतं. बॅटरीवरचं मशीन, दर सेकंदाला कुंपणाच्या तारेत एक झटका सोडणारं. कुंपणाची ती लांबलचक तार म्हणजे मोठी ॲंटेनाच की. घड्याळासारखं ते सगळ्या शिवारात वाजत होतं, आणि ऐकणारा मी एकटा.

चौकट फिरवून आवाज कमी करता येतो हे मला तेव्हा हाताला कळलं. चौकटीची कड ज्या दिशेला, त्या दिशेचं जास्त ऐकू येतं. कडेच्या काटकोनात असलेलं जवळजवळ नाहीसं होतं. म्हणून एकच लाइन जवळ असेल तर चौकट थोडी थोडी वळवत गुंऽऽ बारीक करता येतो. चारी बाजूंना लाइन असली की इलाज नाही.

शेवटी जागा सापडली. एक मुरमाड माळ, खालच्या वस्तीपासून तीनेक किलोमीटर, वर फक्त कुसळं आणि दगड. खालच्या शेतीच्या फीडरची पाळी रात्री दहाला संपत असेल तेव्हा त्यापुढं तो पूर्ण बंद. जानेवारी २०२३, संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातली रात्र, कडाक्याची थंडी. लेक सुट्टीला आली होती, तिलाही घेऊन गेलो. माळावर एका मेंढपाळाची मेंढरं बसली होती, कुत्री आधी अंगावर आली आणि मग ओळख पटल्यावर गप्प झाली. दहा वाजता लाइट गेली. खालचे दिवे एकदम मिटले आणि इअरफोनमधला गुंऽऽ निम्म्याहून कमी झाला. उरला तो लांबचा.

आणि त्याच्या वर, सगळीकडं, चटचट चटचट. फुटाणे भाजताना येतो तसा. मधूनच एक वेगळाच, तारेवर बोट ओढल्यासारखा: टिव्… पिऊ… टिव्. एका जागी नाही, सगळ्या बाजूंनी.

मेंढपाळ शेकोटीजवळून उठून आला. मी इअरफोन त्याच्या कानाला लावला. तो बराच वेळ ऐकत राहिला. म्हणाला, "मिस्त्री, कुठल्या पाखराचं हाय हे?"

"पाखरू नाही. वीज पडलीय."

त्यानं वर बघितलं. एवढ्या चांदण्या होत्या की पायाखालचा दगड दिसत होता. "कुठं?"

लेक म्हणाली, "जावा-सुमात्राकडं, काका. समुद्राच्या पलीकडं."

पृथ्वीवर दर सेकंदाला चाळीस ते पन्नास विजा चमकतात. जानेवारीत महाराष्ट्रात ढग नसतो, पण इंडोनेशियात, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, आफ्रिकेत काँगोच्या खोऱ्यात आणि मादागास्करवर रोज गडगडाट असतो. प्रत्येक विजेतून रेडिओलहरींचा एक धक्का निघतो आणि त्याचा मोठा हिस्सा व्हीएलएफमध्येच असतो. साधी लहर असती तर सरळ रेषेत अवकाशात निघून गेली असती. पण खाली जमीन आणि समुद्र, वर आयनोस्फिअर, म्हणजे उन्हानं आणि किरणांनी हवेच्या कणांतले इलेक्ट्रॉन सुटे झालेला थर. ह्या दोघांच्या मधल्या पोकळीत व्हीएलएफ लहर पाइपातल्या पाण्यासारखी पुढं पुढं जाते, हजारो किलोमीटर. चटचट म्हणजे हा धक्का जसाच्या तसा आलेला. टिव् म्हणजे तोच धक्का, पण लांबचा प्रवास करून लांबलेला. इंग्रजीत त्याला ट्वीक म्हणतात, मी टिव्च म्हणतो.

तो लांबतो का, हे मला समजायला वेळ लागला, पण समजल्यावर फार आवडलं. जमीन आणि वरचा थर यांच्यामध्ये लहरीनं आडवं-उभं आपटत पुढं जायचं तर तेवढ्या उंचीत निदान अर्धी लहर मावली पाहिजे. त्याहून लांब लहर असेल तर ती अशी आपटत जाऊच शकत नाही. आणि जी लहर जेमतेम मावते, ती फार वेळा वरखाली आपटते आणि पुढं हळू सरकते. म्हणून बारीक, म्हणजे उंच आवाजाच्या लहरी आधी पोचतात आणि जेमतेम मावणाऱ्या जाड लहरी मागून रेंगाळत येतात. एका धक्क्याचा उतरता सूर होतो तो त्यामुळं. लॅपटॉपवर एक टिव् विळ्यासारखा दिसतो. वरून उभी रेघ येते आणि खाली वळून आडवी होत विरते. ती जिथं आडवी होते, तिथली वारंवारता म्हणजे अर्धी लहर मावायची हद्द.

लेकीनं पडद्यावर बोट ठेवलं. १.७२ किलोहर्ट्झ.

"आता भागाकार करा, आप्पा. प्रकाशाचा वेग, भागिले दोन गुणिले हे."

तीन लाख किलोमीटर भागिले ३,४४०. मी मोबाइलवर केलं. ८७.२ आलं.

८७ किलोमीटर. त्या रात्री आयनोस्फिअरचा तळ आमच्या डोक्यावर तेवढ्या उंचीवर होता. विमान दहा-बारा किलोमीटरवरून जातं, हवामानाचे फुगे तीसेक किलोमीटरवर जाऊन फुटतात, उपग्रह त्याच्या कितीतरी वर. ह्या मधल्या उंचीवर जायला सोपी वाट नाही. आणि आम्ही ती मोजली होती, मोनोब्लॉक मोटरच्या तारेनं, मुरमावर बसून. मी लेकीला पुन्हा दुसरा टिव् घ्यायला लावला, मग तिसरा. १.७०, १.७४. ८८, ८६. सगळे दोन किलोमीटरच्या आतबाहेर. माझ्या धंद्यात एवढा मेळ बसला की आपण म्हणतो, माप बरोबर आहे.

त्या रात्रीपासून मी वहीत नोंद ठेवतो. तारीख, वेळ, वारा, लाइटीची पाळी, टिव्ची वारंवारता, उंची. काही गोष्टी पुस्तकाआधी वहीनं सांगितल्या. दिवसा टिव् ऐकूच येत नाहीत. उन्हामुळं आयनोस्फिअरच्या तळाशी, सत्तरेक किलोमीटरवर आणखी एक थर तयार होतो आणि तो ह्या लहरी पिऊन टाकतो. दिवस मावळल्यावर तासाभरात ते पूर्वेकडून सुरू होतात, कारण तिकडं आधीच रात्र झालेली असते. आफ्रिकेतल्या विजा त्यांच्या दुपारी तीन-चारला जोरात असतात, म्हणजे आपल्याकडं संध्याकाळचे साडेसात. पण तेव्हा मधल्या वाटेवर अजून ऊन असतं. काँगोवर अंधार पडतो आपल्या दहाच्या सुमाराला. साडेदहानंतर चौकटीची कड पश्चिमेला केली की पाखरांचा दुसरा थवा आल्यासारखा होतो. हे पहिल्यांदा वहीतल्या आकड्यांत दिसलं, तेव्हा मी रात्री एक वाजता लेकीला फोन केला होता.

वळवाच्या दिवसांत मात्र माळावर जायचं नाही, हे इथं ठासून लिहितो. लांबची वीज ऐकायला गेलेला माणूस जवळच्या विजेखाली सापडू नये. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये मेंढरांवर आणि माणसांवर वीज पडते. मोबाइलवर दामिनी ॲप ठेवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं ते केलेलं आहे. त्याच्यामागं जे विजा शोधणाऱ्या यंत्रांचं जाळं आहे, तेही विजेचा रेडिओ धक्काच ऐकतं, आणि कुठल्या केंद्रावर तो किती आधी आणि किती नंतर पोचला यावरून जागा काढतं. त्या मेंढपाळाच्या मोबाइलवर मी ते ॲप स्वतः टाकून दिलं.

ह्या आवाजांमध्ये सगळ्यात नावाजलेला आवाज मला माझ्या माळावर कधी मिळणार नाही. व्हिसलर, म्हणजे शीळ. सेकंद-दोन सेकंद चालणारी, वरून खाली घसरत येणारी. पहिल्या महायुद्धात हाइनरिख बार्कहाउझेन नावाचा जर्मन शास्त्रज्ञ शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकायचं काम करत होता. जमिनीत सळ्या ठोकून त्यांना ॲम्प्लिफायर लावायचा. त्यात ह्या शिट्या यायच्या. आघाडीवरचे सैनिक म्हणायचे, तोफगोळे उडताना ऐकू येतायत. त्यानं १९१९ मध्ये ते छापलं, पण कारण नक्की होईना. १९५३ मध्ये केंब्रिजच्या ओवेन स्टोरीनं दाखवून दिलं की ही वीजच आहे, पण आयनोस्फिअर भेदून वर गेलेली. तिथं ती पृथ्वीच्या चुंबकीय रेषा पकडते, रेषेबरोबर हजारो किलोमीटर उंच जाते आणि दुसऱ्या गोलार्धात जाऊन उतरते. वाटेत उंच सूर पुढं पळतो आणि जाड सूर मागं राहतो. ती किती घसरते ते मोजून त्यानं सांगितलं की एवढ्या वरही जागा रिकामी नाही, इलेक्ट्रॉन भरपूर आहेत. स्पुटनिक उडायला अजून चार वर्षं होती. एक यंत्रसुद्धा तिथं पोचलं नव्हतं आणि जमिनीवर बसून, शीळ ऐकून माणसानं ते सांगितलं. मी ह्या माणसाबद्दल जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा हातातलं काम थांबतं.

भारतात शिळा नोंदल्या गेल्यात. गुलमर्ग, नैनिताल, वाराणसी. तिकडंही त्या क्वचितच येतात. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या इतके जवळ आहोत की इथल्या चुंबकीय रेषा उंच जातच नाहीत, थोड्या वर जाऊन खाली वळतात. शिळेला धरायला वाट नाही. मी इंटरनेटवरचं रेकॉर्डिंग ऐकलंय. नैनितालला एक हिवाळा जायचं मनात आहे.

आता माणसानं केलेल्या लहरी. टिव् शोधताना पडद्याच्या वरच्या भागात एक जाड पट्टा मला पहिल्या दिवसापासून दिसायचा, १८.२ किलोहर्ट्झवर, दिवसरात्र. माझ्या कानाला तो ऐकू येत नाही, पन्नाशीनंतर कान तेवढ्या वर जात नाही. पडद्यावर मात्र सगळ्यात ठळक तोच. लेकीनं सांगितलं, हा आपल्या नौदलाच्या आयएनएस कट्टबोम्मन ह्या केंद्राचा. तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात विजयनारायणम इथं, १९९० पासून. पाण्याखालच्या पाणबुड्यांना संदेश द्यायला. खाऱ्या पाण्यातून साधा रेडिओ जात नाही. व्हीएलएफ मात्र दहा-वीस मीटरपर्यंत उतरते. म्हणून एवढ्या लांब लहरी वापरायच्या. १८.२ किलोहर्ट्झची एक लहर साडेसोळा किलोमीटरची होते. तिच्या ह्या टोकापासून त्या टोकाला पायी जायचं तर साडेतीन-चार तास. आटपाडीपासून ते केंद्र हजार किलोमीटरहून थोडं जास्त आहे, दक्षिणेला किंचित पूर्वेकडं. चौकट तशी धरली की पट्टा भरून येतो.

त्याच्या वर १९.८ ला दुसरा पट्टा. तो ऑस्ट्रेलियाचा, नॉर्थ वेस्ट केपचा, इथून सहा हजार किलोमीटर. तिथं तेरा मनोरे आहेत आणि सगळ्यात उंच ३८७ मीटरचा. ताकद एक मेगावॅट. मी माझ्या हिशेबात मांडलं: पाच एचपीच्या अडीचशेहून जास्त मोटरी एकाच वेळी, रात्रंदिवस.

ह्या पट्ट्यांत काय संदेश आहे ते आपल्याला कळणार नाही आणि कळायचं कारणही नाही. मला त्यांचा उपयोग वेगळा आहे. केंद्र तेवढ्याच ताकदीनं पाठवतंय. मग माझ्याकडं पोचणारी पातळी बदलली, तर बदल वाटेत झाला, म्हणजे वरच्या थरात. दुकानाच्या माडीवर मी दुसरी चौकट कायमची बसवली आणि १८.२ ची पातळी दिवसभर आलेखात टिपायला लागलो. गुंऽऽ खालच्या बाजूला असतो, एवढ्या वर तो फार त्रास देत नाही. सूर्य उगवताना आणि मावळताना रेघ खड्ड्यात जाते आणि वर येते, रोज. एखाद्या दिवशी ते बघायचं राहिलं तर चुकल्यासारखं वाटतं.

१० मे २०२४, अक्षय्य तृतीया. मे महिना म्हणजे जळक्या मोटरींचा हंगाम, पण सणाचा दिवस म्हणून दुकान अर्धं उघडं होतं. घरी आमरस-पोळी. साडेबाराच्या आधी पाच-सात मिनिटं मी माडीवर गेलो तर रेघ एकदम उडालेली. मी आधी जोड तपासला, सेल तपासला, वायर हलवून बघितली. सगळं ठीक. रेघ हळूहळू, तासभर घेऊन जागेवर आली. संध्याकाळी कळलं की सूर्यावर एक्स ३.९ ताकदीची ज्वाळा उठली होती (एक्स म्हणजे सगळ्यात जोरदार ज्वाळांचा वर्ग), आपल्या १२ वाजून २४ मिनिटांना तिचा जोर सगळ्यात जास्त होता. तिचे क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत इथं येतात, आयनोस्फिअरचा तळ एकदम खाली उतरवतात, आणि तिरुनेलवेलीहून येणाऱ्या लहरीची वाट बदलते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला आणखी मोठी, एक्स ५.८. पुन्हा रेघ उडाली. त्याच मधल्या रात्री लडाखमध्ये हान्लेला ध्रुवीय प्रकाशानं आभाळ लाल झालेलं दिसलं आणि फोटो देशभर फिरले. लाल आभाळ मी बघितलं नाही. पण सूर्यानं जे केलं त्याची माझ्या हातची नोंद माझ्याकडं आहे, आलेखाचा कागद दुकानात कॅलेंडरशेजारी चिकटवलाय.

मागच्या वर्षी लेकीबरोबर अलिबागला गेलो. लोक किल्ला बघायला जातात, आम्ही चुंबकीय वेधशाळेच्या फाटकापाशी जाऊन उभे राहिलो. मुंबईत कुलाब्याला १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. मग शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचं ठरलं, आणि विजेच्या करंटनं त्या नाजूक सुया हलणार हे उघड होतं. म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा खाडीपलीकडं अलिबागला आली. इमारत बांधताना चुंबकाला ओढेल असं काही वापरलं नाही. ट्राम १९०७ ला धावली, आणि केव्हाच बंदही झाली. वेधशाळा अजून नोंदी घेतेय. त्या फाटकापाशी मला माझी मोटरसायकल आठवली आणि शांत माळ शोधत घातलेल्या फेऱ्या. एकशेवीस वर्षांपूर्वी शहाण्या माणसांनी ह्याच गुंऽऽपायी समुद्र ओलांडला होता.

माझा माळही फार दिवस टिकेल असं वाटत नाही. गेल्या वर्षी पायथ्याला दोन सौर पंप बसले. ते बसावेत असंच मला वाटतं. दिवसा पाणी मिळालं तर माणूस रात्री साप-विंचवात दारं धरायला कशाला जाईल? पण वहीत दिवसाच्या रकान्यात आता "फसफस" एवढाच शब्द लिहावा लागतो. रात्र अजून मोकळी आहे.

आणि एक नवं केंद्र जवळ येतंय. तेलंगणात विकाराबाद जिल्ह्यात दामगुंडमला नौदलाचं दुसरं व्हीएलएफ केंद्र होणार आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये पायाभरणी झाली. आटपाडीपासून जेमतेम तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर. ते सुरू झालं की माझ्या पडद्यावर नवा पट्टा येईल, कदाचित सगळ्यात ठळक, आणि आलेखाला पूर्वेची वाट मिळेल. पण त्यासाठी २,९०० एकर जंगलाची जमीन गेलीय आणि तिथल्या लोकांनी, झाडांसाठी झटणाऱ्यांनी विरोध केला होता. पाणबुडीतल्या पोरांना घरचा आवाज पोचला पाहिजे, हे मला पटतं. आमच्या दुष्काळी तालुक्यात एक झाड जगवायला काय पडतं, हेही मला माहीत आहे. ह्या दोन्हींचा मेळ मला घालता आलेला नाही. वहीत मात्र त्या पट्ट्यासाठी मी एक रकाना आखून ठेवलाय.

लेक आता पुण्यात नोकरीला आहे. तिच्या कामाचा ह्या विषयाशी संबंध नाही. पण जानेवारी लागला की रात्री अकराच्या सुमाराला तिचा फोन येतो. परवा मी माळावरच होतो. शाळू कंबरेपर्यंत आलाय, गार वारं सुटलं होतं, मेंढरं ह्या वर्षी पलीकडच्या उताराला बसलीत. लाइट दहाला गेली होती.

"आप्पा, आज किती?"

"एक पूर्णांक त्र्याहत्तर."

पलीकडं ती भागाकार करत होती, मी ऐकत थांबलो.

"शहाऐंशी पूर्णांक सात," ती म्हणाली. "कालच्यापेक्षा दीड किलोमीटर खाली आलंय."

"आफ्रिका अजून लागायचीय," मी म्हणालो. "थांब, चौकट फिरवतो."